बंद पडलंय असं समजायचं

लग्न होऊन मी कडा नावाच्या बाजारगावाजवळच्या या गावात आले, तेव्हा माझ्याआधी माझी नोकरी गावात पोचली होती. ती आणली होती माझ्या सासऱ्यांनी. त्यांना मी इकडच्या रीतीप्रमाणे मामा म्हणते. स्टँडवरच्या हॉटेलात बसून त्यांनी जाहीर करून टाकलं होतं, "आमची सून इमानात इंजनं बसवती." त्यामुळे नवी नवरी बघायला ज्या बायका आल्या, त्या माझ्या तोंडाकडे बघायच्या आधी हातांकडे बघत होत्या. पान्हे धरणारीचे हात असे कसे, असं त्यांना वाटत असणार. एकीने तर माझा तळवा उलटा करून बघितला आणि परत मांडीवर ठेवून दिला.

मी मामांना समजावून सांगायचा प्रयत्न केला.

"मामा, मी इंजिन बसवत नाही."

"मंग कोण बसवतं?"

"कारखान्यातले लोक बसवतात. ते नीट बसलंय हे कागदावर सिद्ध करावं लागतं. ते कागद मी लिहिते."

"म्हंजी तू तपासती."

"नाही. तपासणारे सरकारी अधिकारी वेगळे. ते माझे कागद तपासतात."

मामांनी मिशीवरून हात फिरवला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हंजी तलाठी हायस."

आणि ते बरंचसं खरं होतं.

त्यातून एक दिवस माझी जीभ घसरली. इंजिनाची परीक्षा घेताना चालू इंजिनात मेलेली कोंबडी फेकतात, म्हणजे आभाळात पाखरू शिरलं तरी विमानाला धोका होऊ नये, एवढंच मी सांगितलं. ते काम माझं नाही, इंजिन बनवणारे ते करतात, मी फक्त इंजिन विमानाला जोडल्यानंतरचं बघते, हेही सांगितलं. पण पुढचं कुणी ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून गावात जो भेटेल तो एकच विचारायला लागला. "वहिनी, गावरान का बॉयलर?" दूध घालायला डेअरीवर जावं तर तिथे हाच प्रश्न. किराणा दुकानात हाच प्रश्न. एका म्हाताऱ्या बाबांनी मात्र मला बाजूला घेऊन गंभीरपणे विचारलं, "आन मंग ती खातं कोण?" माझ्या सगळ्या शिक्षणाचं असं मातेरं झालं, आणि मामांना त्याचा मनापासून आनंद झाला.

मी इथे आले कशी, तेही सांगायला हवं. नवरा आणि मी एकाच कॉलेजात शिकलो. तो पुण्यात थोडे दिवस नोकरी करून कंटाळला आणि गावी येऊन गाई पाळायला लागला. शेती करणाऱ्या पोराला कुणी मुलगी देत नाही अशी आमच्या भागात ओरड आहे, आणि इथे एक मुलगी आपण होऊन, नोकरीसकट चालून आली होती. साहजिकच सासरचे लोक माझ्याकडे संशयाने बघत होते. इतकं सगळं सरळ जुळून येतंय म्हणजे पोरीत कुठेतरी खोट असणार, असं सासूबाईंना वाटत होतं. त्यांना मी आत्या म्हणते. लग्नानंतर पहिले काही दिवस त्या माझी खोट शोधत होत्या. शेवटी मला भाकरी थापता येत नाही हे कळलं तेव्हा त्यांना केवढं हायसं वाटलं! त्यानंतर आमचं चांगलं जमलं.

माझी कंपनी बंगलोरला. घरून काम करायची परवानगी मिळाली ती वर्षभराची, चाचणी म्हणून. वर्ष संपल्यावर आमच्या विभागाच्या मॅडम स्वतः येऊन घर बघणार, आणि त्यांना पटलं तर मी इथे राहणार. नाही पटलं तर बंगलोरला परत, नाहीतर नोकरी सोडा. मला दोन्ही नको होतं. नवऱ्याला सोडून तिकडे भाड्याच्या खोलीत राहायचं नव्हतं आणि हे काम सोडून नुसतं शेणपाणी करायचीही माझी तयारी नव्हती. हे मी तेव्हा घरात स्पष्ट बोलले, आणि सगळ्यांनी ऐकून घेतलं. रात्री आत्यांनी न विचारता माझ्या ताटात दुसऱ्यांदा भाजी वाढली.

या वर्षात मामांना माझ्या कामाचा नाद लागला होता. मोठ्या विमानांवर इंजिन बसवण्याबद्दलचे नियम असतात. ते अगदी त्रोटक असतात. नियम एका ओळीत म्हणतो, धोका होता कामा नये. मग तो होत नाही हे दाखवायचं कसं, यासाठी मार्गदर्शक सूचनांचा जाडजूड गठ्ठा असतो. इंजिनाला आग लागली तर ती पंखापर्यंत जाऊ नये म्हणून मधली भिंत कशी असावी, गळलेलं इंधन साचून न राहता कुठून बाहेर पडावं, इंजिनाचं आतलं चाक फुटून तुकडे उडाले तर ते कुठे कुठे जातील, असलं सगळं त्यात. मामा त्याला माझी पोथी म्हणायचे. संध्याकाळी धारा काढून झाल्या की ओट्यावर बसून विचारायचे, "आज पोथीत काय निघालं?"

मामा एके काळी पंचायत समितीवर निवडून आले होते आणि पुढे साखर कारखान्याच्या निवडणुकीत पडले होते. पडले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण अजूनही कारखान्याचा विषय निघाला की ते खुर्चीत जरा ताठ बसतात. सरकारी कागद त्यांनी खूप बघितलेले. त्यामुळे नियम आणि सूचना यांतला फरक त्यांना कॉलेजात माझ्याबरोबर शिकलेल्या मुलांपेक्षा लवकर कळला.

"म्हंजी कायदा सांगतो काय पायजे," ते म्हणाले, "आन ही पोथी सांगती, कसं केलं म्हंजी सायेब गप बसंल."

"तसंच. पण पोथीत असंही लिहिलंय की दुसऱ्या कुठल्या पद्धतीने दाखवलं तरी चालेल. पटलं पाहिजे एवढंच."

"दुसरी पद्धत!" मामा खूश झाले. "तेच तर आमी जनमभर केलं."

एका गोष्टीवर मात्र आमचं कधी जमलं नाही. पोथीचा सगळा भार एका विचारावर आहे. इंजिन बंद पडेल का, असं ती विचारत नाही. बंद पडलंय असं समजायचं आणि मग पुढे काय ते सांगायचं. एक इंजिन गेलं तर त्याच्यामुळे दुसरं जाता कामा नये. दोघांचं इंधन वेगळं, तारा वेगळ्या, आणि त्या तारा एकाच वाटेने नेल्या असतील तर त्याचा जाब द्यायचा.

"पण बंद पडंलच कावून?" मामा म्हणायचे. "चांगलं बसवा की."

"चांगलंच बसवलेलं असतं, मामा. तरी बंद पडलंय असं समजायचं."

आतून आत्यांचा आवाज यायचा. "वर माणसं बसलेली असत्यात आन तुमी असलं वंगाळ कावून बोलता गं? तोंडातून असं काढू न्हाई."

आत्यांच्या घरात वाईट बोलायचं नाही असा दंडक. दिवा विझला म्हणायचं नाही, कुणी आजारी पडलं तर काय असं विचारायचं नाही. माझ्या नोकरीत दिवसभर दुसरं काहीच करत नाहीत. मी पगार घेऊन अभद्र बोलते, असं त्यांचं माझ्या कामाबद्दल पक्कं मत झालं होतं.

तरी माझं काम चालायचं ते आत्यांमुळेच. माझ्या खोलीबाहेर त्या धान्य निवडायला बसायच्या आणि आत कुणाला सोडायच्या नाहीत. "आत मिटिंग हाय," एवढंच सांगायच्या. एकदा लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या पाहुण्यांना त्यांनी मिटिंग संपेपर्यंत ओट्यावर बसवून ठेवलं होतं, आणि त्यात माझे सख्खे मामेभाऊ होते. स्वयंपाक, गोठा, आलंगेलं, मामांचा चहा, सगळं त्यांच्याकडे. मामांना दिवसातून कितीदा चहा लागतो हे मी सांगणार नाही, पण त्यांनी तो जन्मात कधी केलेला नव्हता. आत्यांची थोरली बहीण नांदूरघाटला असते. "आठ दिस येऊन ऱ्हा," असा तिचा निरोप दरवर्षी यायचा. आत्या दरवर्षी पिशवी काढायच्या आणि दरवर्षी परत ठेवायच्या. "माझ्यामागं हितलं कसं चालंल बाई," असं म्हणायच्या. जायचं झालंच तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

मॅडमचं यायचं ठरलं तशा कंपनीच्या अटी आल्या. खोलीला कुलूप हवं. विजेची दोन साधनं हवीत आणि इंटरनेटच्या दोन जोडण्या हव्यात, आणि पुढे लिहिलं होतं की एक बंद पडली तर तिच्यामुळे दुसरी बंद पडता कामा नये. मला वाचून हसू आलं. आमच्या लोकांना साधी घराची अट लिहायला सांगितली, तरी त्यांना विमानच आठवतं.

घरात तयारी सुरू झाली. घर बघायला माणूस येणार म्हटल्यावर आत्यांना एकच प्रकार माहीत होता, मुलगी बघायला येतात तो. त्यांनी खोलीला रंग लावून घेतला. पलंगावर नवी चादर आली. माझ्या टेबलावरचे कागद बघून "ह्यो काय उकिरडा" म्हणत ते पेटीत भरले, ते मी परत बाहेर काढले, त्यांनी पुन्हा भरले. मॅडमना कुठे बसवायचं, पोहे कुणी न्यायचे, कुणी बोलायचं आणि कुणी गप्प बसायचं, सगळं ठरलं. मी गप्प बसायचं होतं.

मामांनी विजेचं काम अंगावर घेतलं. इन्व्हर्टर घरात होताच. दुसरं साधन म्हणून मंडपवाल्याचा जनरेटर आणायचा असं मी सांगितलं. मामांनी मान हलवली आणि वायरमनला फोन लावला. आमच्याकडे वीज म्हणजे कधी येईल कधी जाईल, त्यात डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की मग बघायलाच नको. मामा फोनवर म्हणत होते, "मंगळवारी पावणे हायत बे. दिवसभर लाइट जाता कामा नये. गेली तर मी हाय आन तू हाय."

फोन ठेवून ते माझ्याकडे विजयाने बघायला लागले.

"मामा, वीज जाऊ नये ही अट नाही. गेली तर काम चाललं पाहिजे, ही अट आहे."

"पण जाऊच दिली न्हाई, तर?"

"तरी गेलीय असं समजायचं."

"कावून समजायचं? मी सांगतो ना वायरमन आपला हाय!"

मी कपाळावर हात मारून घेतला. पोथीच्या एवढ्या पानांत वायरमन आपला असेल तर काय, याबद्दल एक अक्षर नाही. शेवटी नवऱ्याने मध्यस्थी करून जनरेटर आणला. तो गोठ्यामागे ठेवला. सुरू करून बघितला.

मंगळवार उजाडला. वीज गेली नाही. सकाळपासून पंखा असा फिरत होता की सगळे अधूनमधून त्याच्याकडे बघत होते. दारात रांगोळी, ओट्यावर खुर्च्या, खुर्च्यांवर भावकी. मामांनी फेटा बांधला होता. ड्रायव्हरसाठी टॉवेल, टोपी आणि नारळ तयार, मॅडमसाठी ओटीचं सामान तयार. मी दोनदा न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारून आले. आज जे होईल त्यावर आपण या घरात राहणार की नाही हे ठरणार, एवढंच डोक्यात होतं.

मॅडम आल्या. साध्या, पिकल्या केसांच्या, कामापुरतं बोलणाऱ्या. पुण्यात पुष्कळ वर्षं काढल्यामुळे त्या पुस्तकी, सावकाश मराठी बोलतात. मामांना मात्र बंगलोरच्या माणसाशी हिंदीच बोलायचं असतं असं वाटत होतं. त्यामुळे दिवसभर मॅडम मराठीत विचारत होत्या आणि मामा हिंदीत उत्तर देत होते.

पोहे झाले, ओटी भरून झाली. मग भावकीतून कुणीतरी मामांना ढोसलं आणि मामांनी घसा खाकरून विचारलं, "मॅडम, वो मुर्गी फेकते ना इंजन में. गावरान रहती का बॉयलर?"

मी जमिनीत जागा शोधत होते. मॅडमनी चष्मा काढून पुसला. "जात महत्त्वाची नाही," त्या म्हणाल्या. "वजन महत्त्वाचं. मोठं पाखरू, लहान पाखरू, प्रत्येकाचं वजन ठरलेलं असतं." भावकीने एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. वर्षभर मी टाळलेल्या प्रश्नाचं त्यांनी एका दमात उत्तर दिलं होतं, आणि गावाने तो विषय तिथेच मिटवला.

मग त्या खोलीत आल्या. कुलूप बघितलं. खिडकी बघितली. पंख्याकडे बघून म्हणाल्या, "आता मेन स्विच बंद करा."

मामांना ते सहनच झालं नाही. "लाइट चालू है ना मॅडम! जाताच नहीं आज. तो बंद काय कू करना?"

"चालू असताना काय होतं ते दिसलं," मॅडम म्हणाल्या. "बंद पडल्यावर काय होतं ते बघायचं आहे."

नवऱ्याने स्विच बंद केला. इन्व्हर्टर लागला. इन्व्हर्टर बंद केला, जनरेटर सुरू झाला. एक इंटरनेट काढलं, दुसरं चाललं. माझ्या जिवात जीव आला. आणि तेवढ्यात मॅडम खाली वाकल्या.

सकाळी मी अंघोळीला गेले होते, तेव्हा आत्यांनी शेवटचा हात फिरवला होता. भिंतीवरून लोंबणाऱ्या तारा त्यांना बऱ्या दिसेनात. इन्व्हर्टरची तार, जनरेटरची तार, दोन्ही इंटरनेटच्या वायरी, असं सगळं एकत्र करून त्यांनी लाल रिबिनीने घट्ट बांधलं होतं, वर छान फूल काढलं होतं, आणि तो सगळा जुडगा दाराच्या उंबऱ्यावरून सतरंजीखाली नेऊन लपवला होता. दोन्ही इंजिनांच्या तारा एकाच वाटेने नेऊ नका, या एका वाक्यावर मी आजवर इतके कागद लिहिले आहेत की तेवढ्या कागदांत गावाची भेळ बांधून झाली असती.

"हे फूल कोणी काढलं?" मॅडमनी विचारलं.

"म्या," आत्या दारातून म्हणाल्या. त्यांना वाटलं कौतुक होतंय.

"सुंदर आहे. पण इथे कुणाचा पाय अडकला तर सगळंच एकदम जाईल."

माझ्या डोळ्यांसमोर लग्नाआधीची बंगलोरची भाड्याची खोली आली, आवाज करणाऱ्या पंख्याची, समोरच्या इमारतीची भिंत दाखवणारी. आत्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. आपल्या हातून काय झालं हे त्यांना आत्ता कळत होतं, आणि मला त्यांचा राग यायच्याऐवजी वाईट वाटत होतं.

मॅडम मात्र तारांवर थांबल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "तू सकाळपासून कामाला बसतेस. तेव्हा घरातलं कोण बघतं?"

"आत्या."

"जेवण? पाहुणे? हा दरवाजा?"

"आत्याच."

"आणि त्या बंद पडल्या तर?"

असं या घरात आजवर कुणी बोललेलं नव्हतं. भावकीतले दोघंतिघं चपापले. नवरा खाली बघायला लागला, कारण त्याच्या दिवसाचं गणितही आत्यांवरच होतं. आम्ही विजेची दोन साधनं जमवली होती, इंटरनेटच्या दोन जोडण्या घेतल्या होत्या, आणि हे सगळं ज्या एका माणसावर चालत होतं ते दारात पदराला हात पुसत उभं होतं.

मामांना शांतता सहन होत नाही. त्यांनी फेटा सावरला आणि मराठीत आले. "मी हाय की."

आधी आत्या हसल्या. मग भावकी हसली. मग मीही हसले, जरा जास्तच, कारण सकाळपासूनचं सगळं त्यात बाहेर पडलं.

मॅडम हसल्या नाहीत. "सांगून चालत नाही," त्या म्हणाल्या. "करून दाखवा. चहा करा."

मामा आधी थट्टा समजले. मॅडम खुर्ची घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसल्या तेव्हा त्यांना कळलं. भावकी खिडकीला लागली. मामांनी फेटा काढून माझ्याकडे दिला, बाह्या वर केल्या आणि आत गेले. आत्या त्यांच्यामागे निघाल्या, तशी मॅडमनी त्यांचा हात धरला. "तुम्ही बंद आहात," त्या म्हणाल्या.

गॅस पेटवणं जमलं. पातेलं म्हणून त्यांनी आधी दही लावायचं भांडं घेतलं, ते खिडकीतून कुणीतरी ओरडल्यावर ठेवून दिलं. पाणी ठेवलं. चहाची पूड सापडली. मग साखर. मामांनी वरची फळी बघितली, खालची बघितली. एका डब्यात डाळ निघाली, एकात शेंगदाणे, एकात आत्यांची औषधं. कारखान्याच्या निवडणुकीला उभा राहिलेला माणूस स्वतःच्या घरात साखरेचा डबा शोधत होता, आणि त्याचे जुने मतदार खिडकीतून बघत होते. "उजवीकडं बघा," कुणीतरी म्हणालं. "गप बस बे," मामा म्हणाले. आत्या माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांच्या ओठापर्यंत आलेलं मला दिसत होतं, डबा कुठे आहे ते. पण पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. त्यांना असं नुसतं उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

साखर शेवटी दाराजवळच्या निळ्या डब्यात सापडली, मॅडमच्या खुर्चीला खेटून. मामांनी ती ओंजळीने टाकली. चहा आला तो काकवीसारखा दाट, आणि वरून दुधाची साय तरंगत होती. मॅडमनी सगळा कप प्यायला. मीही प्याले. आत्यांनी एक घोट घेतला आणि लांबवर बघत म्हणाल्या, "गोड हाय."

जाताना मॅडमनी आम्हाला निर्णय सांगितला. परवानगी देते, पण अटींवर. तारा सोडवायच्या, वेगवेगळ्या वाटांनी न्यायच्या, जमिनीवरून न्यायच्या नाहीत. ते नवऱ्याने त्याच संध्याकाळी केलं. दुसरी अट त्यांनी मामांना सांगितली. "जे साधन नुसतं कोपऱ्यात ठेवलेलं असतं, ते वेळेला चालेल याचा भरवसा नाही. ते मधूनमधून चालवून बघावं लागतं. तुम्ही आठवड्यातून एकदा तरी चहा करायचा." मामा हो म्हणाले. निवडणुकीत दिलेल्या आश्वासनांसारखं हेही विसरतील असं मला वाटलं होतं. पण मॅडमचा फोन आठवड्याला यायचा, माझ्या कामासाठी, आणि शेवटी त्या न चुकता विचारायच्या, "दुसरं इंजिन कसं आहे?" मामा आतून ओरडायचे, "चालू है मॅडम!" आणि मग त्यांना चालू करावंच लागायचं.

हळूहळू चहा पिण्यासारखा झाला. मग भात जमला. पिठलं एकदा खाली लागलं आणि दुसऱ्यांदा जमलं. बाहेरचं दार सांभाळायला मामा बसायला लागले तेव्हा मात्र गंमत झाली. ते लोकांना अडवायचे, पण अडवून तिथेच गप्पा मारत बसायचे, त्यामुळे माझ्या मिटिंगमध्ये पलीकडच्या लोकांना आमच्या तालुक्याचं राजकारण आता बऱ्यापैकी कळायला लागलंय.

या वर्षी बहिणीचा निरोप आला तेव्हा आत्यांनी पिशवी काढली आणि परत ठेवली नाही. आठ दिवसांची लुगडी भरली. वर बहिणीसाठी शेंगदाण्याची चटणी. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. एसटी उभीच होती. त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली, मी खाली उभी राहून खिडकीतून पिशवी आत दिली. बस सुटायला अजून वेळ होता.

त्यांचा फोन वाजला. मामांचा होता. आत्यांनी फोनकडे बघितलं. एवढी वर्षं हाक आली की अर्धा घास टाकून उठणारी ती बाई. मला वाटलं आता उचलतील, आणि कुठला डबा कुठे आहे हेच मामा विचारणार तेही मला माहीत होतं. त्यांचा अंगठा थोडा वेळ बटणावरच राहिला. मग त्यांनी फोन पिशवीत टाकला, चटणीच्या डब्याखाली दडपला, आणि पिशवीचं तोंड बांधलं.

"उचला की आत्या," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "त्यांना म्हणावं, मी बंद पडलेय असं समजा."

बस निघाली. मी घरी आले, तेव्हा मामा स्वयंपाकघरात एकेक डबा उघडून बघत होते.